डाव्या खांद्यामागची दुभाषी

स्वरूपाला मी पहिल्याच दिवशी परत पाठवणार होतो. खोटं कशाला बोलू? प्रेस शॉपच्या दारात एवढीशी पोरगी उभी, ओढणी लोंबतेय, पायात चपला, आणि म्हणते कशी, "मी स्पेनच्या साहेबांचा आवाज आहे." दुभाषी म्हणायचं होतं तिला, पण आमचा आवाज आणि तेल बघून बिचारी गांगरली होती. मी म्हणलं, "आवाजालापण सेफ्टी शूज लागतात, बाई. जा, स्टोअरमधनं घेऊन ये."

मी ज्योतीराम. चाकणच्या पट्ट्यात एका कंपनीत प्रेस लाइनचा, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या मशिनींचा, इन्चार्ज. कंपनी उभी आहे ती जमीन एकेकाळी आमच्या भावकीची, बाजरी आणि भुईमुगाची. जमीन गेली, नोकरी आली, तोंड मात्र शिवारातलंच राहिलं. शिवी दिल्याशिवाय माझ्या हातून नट फिरत नाही असं बायको म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही.

स्वरूपाचे वडील लातूरकडचे, भोसरीत टर्नर होते. ती आठवीत असताना वारले. आई सुभद्राबाई चिखलीत घरीच मशीनवर सुती हातमोजे शिवते, कंपन्यांत घालतात ते. पोरगी बी.कॉम. झाली आणि ताथवड्याला जर्मन शिकायला गेली, कारण तिकडं सगळे इंजिनिअर जर्मनच शिकतात. तर बॅच भरलेली. बाई म्हणाल्या, स्पॅनिशच्या वर्गात दोनच मुलं आहेत, बसतेस का? बसली. माणसाचं नशीब कुठल्या बाकावर जागा मिळते त्याच्यावर असतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

आमच्याकडे स्पेनहून पाच नव्या प्रेस आल्या आणि त्या बसवायला अन्सेल्मो नावाचे साहेब आले. वय बासष्ट-त्रेसष्ट, उंच, वाकलेले, कानात केस. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजी आमच्याइतकंच. ते बोलायचे आणि स्वरूपा सांगायची. तिची एक ठरलेली जागा होती: साहेबांच्या डाव्या खांद्यामागे, अर्धं पाऊल मागे. नजर फरशीवर, डोकं जरासं कललेलं. आणि बोलायची ती साहेब होऊन. साहेब चिडले की ही शांतपणे म्हणायची, "मी फार रागावलो आहे." पोरं आधी फिदीफिदी हसली. मुबीन, दोन नंबरच्या प्रेसवरचा आमचा ऑपरेटर, तो तर तिला 'साहेब'च म्हणायचा. तिनं मला समजावून सांगितलं होतं, "दादा, दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं. 'ते म्हणतात' असंही म्हणायचं नाही. मध्ये माणूस आहे हे समोरच्यानं विसरलं पाहिजे."

एकदा साहेबांनी प्लांट हेडसमोर तिचंच कौतुक केलं. पोरीचं तोंड लालबुंद, पण एक शब्द गाळला नाही. "ही मुलगी या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे, असं माझं मत आहे," असं म्हणाली आणि मग तिचा आवाजच बसला. आम्ही पोट धरून हसलो.

पण मला खरं नवल वाटायचं ते साहेबांच्या मागण्याचं. हुकूम नाहीच. "ज्योतीरामजींनी हा बोल्ट एकदा बघावा, अशी माझी विनंती आहे." चहाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, "काय गं, म्हातारा खरंच एवढा गोड बोलतो, का तूच पदरची साखर घालतेस?"

तिला राग आला. "मी पदरचं काही घालत नाही, दादा. त्यांच्या भाषेतच तसं आहे. घडलेल्या गोष्टीचं बोलणं वेगळं आणि दुसऱ्यानं करावी अशी इच्छा असते तिचं वेगळं. 'ले पिदो के एस्पेरे' म्हणजे 'तुम्ही थांबावं अशी माझी विनंती आहे.' थांबणं अजून घडलेलं नाही. ते तुमच्या हातात आहे. आपलं यावं, द्यावं, थांबावं असतं ना, तसंच."

"आणि समोरचा नाही म्हणाला तर?"

"तर नाही. म्हणून तर ती विनंती."

आता बोला! चोवीस वर्षं मी 'ए ज्योत्या, इकडं ये' ऐकत आलो. मला 'यावे' म्हणते ती फक्त लग्नाची पत्रिका. म्हाताऱ्याच्या त्या बोलण्यानं मी पार विरघळलो, आणि त्याला मी कधी नाही म्हणालो नाही. आमच्यात एक रीत आहे, लाइनवरचा माणूस इन्चार्जला विचारल्याशिवाय हलवायचा नाही, कारण एक माणूस कमी झाला की दुसऱ्याच्या बोटांवर येतं. कागदावर आहे, पाळत कुणी नाही. अन्सेल्मोसाहेब पाळायचे. "मुबीनला दहा मिनिटं माझ्याबरोबर येऊ द्यावं." मी म्हणायचो, "न्या की साहेब, घरी घेऊन जा." स्वरूपा तेही जसंच्या तसं सांगायची.

ऑगस्टात साहेब सुट्टीवर स्पेनला गेले. तिसऱ्या आठवड्यात मेल आला. स्वरूपानं तो लाइनवर वाचून दाखवला. झोपेतच गेले होते. त्यांचं हेल्मेट आमच्या कपाटात राहिलं होतं, पिवळं, आत घामाचा पट्टा. ती ते हातात घेऊन बराच वेळ उभी होती आणि मग म्हणाली, "आता मी काय बोलू?" मला वाटलं पोरगी रडतेय. रडत नव्हती. खरंच विचारत होती.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी प्रेस बंद. पुसून काढायच्या, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. आणि आमच्या लाइनवर गाऱ्हाणं घालायची पद्धत. मोठ्यानं म्हणायचं, "बाई, वर्षभर पोटाला दिलंस, आता कुणाच्या बोटाला धक्का लावू नकोस." ते मीच म्हणतो. त्या वर्षी कुणीतरी साहेबांचं हेल्मेट दोन नंबरच्या प्रेसवर ठेवून त्याला हार घातला. मला भरून आलं. आणि मला बुद्धी सुचली, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ती.

मी म्हणलं, "स्वरूपा, हे गाऱ्हाणं म्हाताऱ्याच्या भाषेत सांग. त्याला मराठी कुठं कळतंय?"

ती एकदम मागे सरली. "नको, दादा. ज्याला सांगायचं तो समोर असल्याशिवाय मी बोलत नाही."

"अगं हाय की समोर," मी हेल्मेटकडे हात केला. सगळे म्हणाले, सांग, सांग. मुबीनपण म्हणाला.

ती पुढे गेली. हेल्मेटच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, उभी राहिली. "ले पेदीमोस के नोस कुईदे," असं काहीतरी बोलली. आपण आमचा सांभाळ करावा, अशी आमची विनंती आहे. मी नारळ उचलला. पण ती तिथून हलेना. नजर फरशीवर, डोकं कललेलं. साहेब बोलत असताना ऐकायची तसंच. शॉपमध्ये सत्तर माणसं, सगळ्यांचे डोळे तिच्यावर.

मग ती म्हणाली, "बरं. मी सांभाळीन."

कुणीतरी टाळी वाजवली. मी नारळ फोडला, पेढे वाटले. माझे तळहात ओले झाले होते, ते नारळाच्या पाण्यानं असं मी स्वतःला सांगितलं.

दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी अकराला स्वरूपा वरच्या ऑफिसातून खाली आली; साहेब गेल्यावर तिला तिथं स्पेनचे कागद मराठीत करायला बसवलं होतं. हातात ड्रॉइंग होतं. माझ्या टेबलासमोर थांबली, नजर खाली गेली आणि बोलली, "ज्योतीरामजींनी मुबीनला दोन नंबरवरून अर्धा तास बाजूला घ्यावं, अशी माझी विनंती आहे."

तिच्या पुढे अर्ध्या पावलाची जागा रिकामी होती.

मी चेष्टा समजून शिवी देणार होतो, पण तिचं तोंड बघून जीभ उचलली नाही. मुबीनला हाक मारली, म्हणलं चल, चहा पी. आम्ही दहा पावलं गेलो असू. मागे फाटकन आवाज झाला. डायचा, म्हणजे साच्याचा, बोल्ट तुटून मुबीन बसतो त्या स्टुलामागच्या पत्र्यात घुसला होता. मुबीननं जाऊन त्या भोकात बोट घालून बघितलं. स्वरूपा ड्रॉइंग घेऊन तिथंच उभी, आणि विचारते, "काय झालं, दादा? मी कशाला आले होते खाली?"

मुबीनची आई ताजुन्निसा दुसऱ्या दिवशी स्वतः डबा घेऊन गेटवर आली. स्वरूपाच्या कपाळावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. पोरगी नुसती हसत होती, तिला काही माहीतच नव्हतं.

त्यानंतर महिन्यात तीन-चारदा असं व्हायचं. चार नंबरची क्रेन आज लावू नये. अमक्यानं आज हातमोजे घालू नयेत. नेहमी विनंती आणि नेहमी खरी. आमच्या फाटकाजवळ बोर्ड आहे, अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा. तो आकडा शंभराच्या पुढं गेला. वर साहेबलोक खूश. पोरं तर ती खाली आली की प्रेस थांबवून कान द्यायची.

आणि पोरगी झिजत चालली. हात बर्फाचे. पूर्वी चहात तीन चमचे साखर लागायची, आता बिनसाखरेचा काळा पिऊ लागली. प्रेसजवळून जाताना बोटांच्या पेरांनी पत्र्यावर टकटक करायची, म्हातारा करायचा तसं. मला सगळं दिसत होतं. पण एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला सत्तर जणांचे हात, अशी तुलना मी मनात केली आणि गप्प राहिलो. याची मला आजही लाज वाटते.

एका गुरुवारी, आमच्या साप्ताहिक सुट्टीला, सुभद्राबाई माझ्या घरी आल्या. चपला बाहेर काढून उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या.

"दादा, ती घरीबी तसंच बोलती. 'मी जेवलो, मी आलो.' परवा तिच्या वडलांच्या फोटोपुढं उभी राहून मला विचारती, हे गृहस्थ कोण आहेत? मला मुबीननं समदं सांगितलंय. तुमीच लावलं ना हे तिच्या मागं? मग तुमीच काढा."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि ती पाणी आणायला आत गेली. मी सुभद्राबाईंना शब्द दिला की तुमची पोर तुम्हाला परत देतो. कसा देणार ते काडीचं ठाऊक नव्हतं.

फार वाट बघावी लागली नाही. पुढच्याच आठवड्यात, दुपारी पावणेतीनला, शिफ्ट बदलते तेव्हा. पाच-सात मिनिटं सगळ्या प्रेस बंद असतात आणि कान बधिर झाल्यासारखी शांतता होते. स्वरूपा जिना उतरून आली. या वेळी आधी साहेबांच्या भाषेत बोलली. "ले पिदो के ला देहे वेनीर." आणि मग मराठीत, "या मुलीला तुम्ही माझ्याबरोबर येऊ द्यावं, अशी माझी विनंती आहे."

मी म्हणलं, "कुठं?"

ती माझा शब्द त्यांच्या भाषेत त्या रिकाम्या जागेला सांगून थांबली. ऐकलं. मग बोलली, "तुम्ही मला इथे बोलावलंत. मी आलो. पण इथे मी एकटा नाही. या फरशीखाली पुष्कळ माणसं आहेत. म्हातारी आहेत, पागोटी घातलेली आहेत. एका बाईच्या हातात विळा आहे. ती सगळी माझ्याभोवती येतात आणि मला काहीतरी विचारतात. दिवसभर विचारतात. मला त्यांची भाषा कळत नाही. या मुलीने माझ्या डाव्या बाजूला उभं राहावं."

दोन नंबरची प्रेस आहे तिथंच आमचा ओढा होता. ओढ्याकाठी आमच्या भावकीला अग्नी द्यायचे. माझ्या आज्याला दिला, चुलत्याला दिला. विळा कुणाचा तेही मला कळलं, आमची आत्या भारा कापताना साप चावून गेली होती. कंपनीसाठी जमीन सपाट केली तेव्हा मीच बुलडोझरला रस्ता दाखवायला उभा होतो, पहिली नोकरी तीच.

चोरासारखा गप्प बसलो असतो, पण समोर ती पोर होती, सव्वीस वर्षांची, ओठ निळे पडलेले. त्या म्हाताऱ्याला मी उभ्या आयुष्यात नाही म्हटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणलं. "न्हाई सोडत. माझ्या लाइनचं माणूस हाय."

तिनं ते सांगितलं. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत होतो. राग नाही, काही नाही. फक्त माझ्या टेबलावरच्या पत्र्यावर दव धरावं तसं पाणी धरलं. मग ती म्हणाली, "तुमचा नकार मी मान्य करतो. पण मग मी काय करावं? ती माणसं थांबत नाहीत."

इतकं सरळ विचारलं म्हाताऱ्यानं. मला त्याची दया आली हो. परक्या मुलखात, परक्या मेलेल्यांच्या घोळक्यात, आणि तिथं त्याला नेऊन ठेवणारा मी.

"साहेब," मी म्हणलं, "ती माणसं माझी हायेत. त्यांची भाषा मला येती. तुमची तेवढी येत न्हाई. ती मी शिकतो. शिकलो की मी येतो तुमच्या डाव्या बाजूला. तोवर पोरीला हात लावायचा न्हाई."

स्वरूपानं शब्द न् शब्द सांगितला. ऐकलं. आणि म्हणाली, "ज्योतीरामजींनी लवकर शिकावं, अशी माझी विनंती आहे."

भोंगा झाला, प्रेस सुरू झाल्या. तिनं डोळे मिटून उघडले आणि म्हणाली, "दादा, केवढी थंडी वाजतेय हो मला. चहा सांगा ना, साखर जास्त." मी तिकडं तोंड फिरवून डोळे पुसले.

तेव्हापासून दर गुरुवारी मी चिखलीला तिच्याकडे शिकायला जातो. चोपन्नाव्या वर्षी पाटी. तिला सांगितलं, नवीन साहेब येणार आहेत, तयारी असलेली बरी. ती खूश. पोरगी पहिल्यासारखी झाली, अंगावर मांस आलं, 'मी आले, मी गेले' म्हणते. सुभद्राबाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्या कोपऱ्यात हातमोजे शिवत बसतात आणि आमचा धडा चालतो.

मी हळू शिकायचं ठरवलं. गाढवासारखा. तीच चूक दहादा. दोनदा तिनं परीक्षा घेतली, दोनदा नापास झालो. एकदा तर लग्नसराईचं निमित्त करून लागोपाठ दोन गुरुवार दांडी मारली. दुसऱ्या दांडीनंतर तिसऱ्या दिवशी ती कँटीनमध्ये माझ्यासमोर ताट घेऊन बसली, नजर खाली गेली आणि म्हणाली, "मी वाट बघतो आहे." लगेच कोशिंबीर मागायला लागली, पण मी जेवलो नाही. त्यानंतर एकही गुरुवार चुकवला नाही. बोर्डावरचा आकडा अजून वाढतोच आहे. म्हातारा शब्दाला जागला आहे.

मागच्या गुरुवारची गोष्ट. गेला महिनाभर मी मोटरसायकलवर येता-जाता एकच वाक्य मनात घोकत होतो. म्हाताऱ्याला सांगायचं, बाबा, घाई करू नकोस. अजून धाकट्याचं लग्न व्हायचंय, बायकोचा गुडघा दाखवायचाय. मला जगायचंय, दुसरं काय! स्वरूपानं वही उघडली आणि म्हणाली, "दादा, आज तुम्ही मला कसलीही एक विनंती करा. पुस्तकातली नको, तुमच्या मनातली."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "ले पिदो के नो तेंगा प्रीसा." घाई करू नये, अशी माझी विनंती आहे. न अडखळता. पाण्यासारखं.

स्वरूपा बघतच राहिली. मग तिनं टाळ्या वाजवल्या. "दादा! एक चूक नाही! अहो, साहेब असते तर त्यांना वाटलं असतं त्यांच्याच गावचं कुणी बोलतंय. तुम्ही पास. आता तुम्हाला माझी गरज नाही, पुढच्या गुरुवारपासून येऊ नका."

कोपऱ्यातली शिलाई मशीन थांबली. सुभद्राबाई उठल्या, मांडीवरचे हातमोजे खाली पडले ते त्यांनी उचलले नाहीत. तशाच आल्या आणि वाकून त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. उठेचनात.

स्वरूपाला हसू आवरेना. "अगं आई, दादांच्या काय पाया पडतेस? शिकवलं तर मी!"